बचावपटूला किती हंगाम द्यायचे?

पुण्यात २००९ ते २०१९ या काळात तीन क्लब फुटबॉलच्या अव्वल स्तरावर खेळले आणि तिन्ही बंद पडले. पुणे एफसी २०१५ मध्ये, डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये, तर एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. यांपैकी पहिल्या दोन क्लबांचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. साळगावकर क्लबच्या बचावफळीत घडलेले आणि भारताकडून खेळलेले परेरा पुढे प्रशिक्षक झाले. म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात पुन्हा व्यावसायिक फुटबॉल यावं असं वाटणाऱ्यांनी त्यांची कारकीर्द नीट तपासावी, कारण ‘संघ कोणाच्या हाती द्यायचा’ या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिच्यात आहेत.

जमेची बाजू मोठी आहे. २००५-०६ मध्ये महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली ती त्यांच्याच हाताखाली. पुणे एफसीला त्यांनी २००९-१० या आय-लीगमधल्या पहिल्याच हंगामात तिसरं स्थान मिळवून दिलं, २०१२-१३ मध्ये उपविजेतेपद. कोलकाता आणि गोव्याच्या मातब्बर क्लबांच्या रांगेत नवख्या पुण्याने बसणं सोपं नव्हतं. इथे परेरांचं बचावपटू असणं कामी आलं असावं. स्टॉपरसमोर, म्हणजे मधल्या बचावपटूसमोर, अख्खं मैदान असतं. कोण जागा सोडतोय, कोण दमलाय, रेषा कधी पुढे न्यायची, हे त्याला ओरडून सांगावं लागतं. खेळतानाच अर्धं प्रशिक्षकपण अंगी येतं ते असं.

उणी बाजूही झाकता येत नाही. २०१५-१६ मध्ये डीएसके शिवाजियन्स तळाला राहिला. २०२१-२२ मध्ये प्रशिक्षक हुआन फेरान्दो ऐन हंगामात निघून गेल्यावर परेरांनी एफसी गोवाची सूत्रं घेतली, तो संघ नवव्या स्थानी संपला. अनुभवी देशी माणूस आणला की निकाल लागतोच, असा दावा करणाऱ्यांनी हे दोन हंगाम विसरू नयेत. परदेशी प्रशिक्षकांना उगाच नावं ठेवण्यातही अर्थ नाही. एफसी पुणे सिटी पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला तो २०१७-१८ मध्ये, रान्को पोपोविच यांच्या हाताखाली. तेही मूळचे बचावपटूच.

मग फरक कुठे पडला? पुणे एफसीत परेरांना सलग चार हंगाम मिळाले. डीएसकेत एकच मिळाला, गोव्यात अर्धा. एफसी पुणे सिटीने पाच हंगामांत कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, हंगामी प्रद्युम रेड्डी आणि फिल ब्राऊन अशी प्रशिक्षकांची रांग लावली. पोपोविचनाही उपांत्य फेरीनंतर पुढचा हंगाम मिळाला नाही. प्रशिक्षक देशी की परदेशी, यापेक्षा त्याला किती मुदत मिळाली याचा हिशेब जास्त बोलका आहे. अर्थात मुदत दिली की यश हमखास, असंही नाही. आणि वाईट खेळणाऱ्या संघाचा प्रशिक्षक बदलण्याचा मालकाचा हक्क कोणी नाकारू नये.

पण मालकच निघून गेला तर? महिंद्रने २०१०मध्ये संघ मोडला, साळगावकर २०१६मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. म्हणजे परेरा जिथे खेळले आणि जिथे शिकवलं, त्यांतले कित्येक संघ आज त्या स्तरावर नाहीतच. हा दोष कुठल्याही प्रशिक्षकाच्या माथी मारता येणार नाही.

पुढचा क्लब संकुलाचं मैदान मागायला येईल तेव्हा क्रीडा खात्याने भाड्याच्या आकड्यावर थांबू नये. किमान पाच वर्षांची हमी, अनामत रक्कम आणि मुळशी-हवेलीतल्या मुलांसाठी चालती अकादमी, या अटी करारात असाव्यात. अशा अटींनी गुंतवणूकदार बिचकतील, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी भाडं कमी करावं, मैदान सरावालाही द्यावं. तरीही जो पाच वर्षांची हमी द्यायला तयार नाही, तो आला नाही तर पुण्याचं फारसं बिघडत नाही. तीन क्लब येऊन गेले, त्यातून एवढं तरी शिकायला हवं. प्रशिक्षकाच्या नावाची चर्चा त्यानंतर करावी.