'अन्याय' म्हणजे काय हो बाबा?



गेल्या रविवारी आमच्याकडे खमणवरून भांडण झालं. धाकट्याच्या ताटलीत दोन तुकडे जास्त गेले आणि नऊ वर्षांच्या लेकीने जाहीर केलं, "हा अन्याय आहे!" मी म्हटलं, शब्द वापरलास तर अर्थही सांग. तिने प्रश्न माझ्यावरच उलटवला. मी पडलो बी.ई.; संस्कृत दहावीला सुटलं. शेवटी शब्दकोश काढला.

'अ' म्हणजे नकार, ते सोपं. गंमत 'न्याय'मध्ये आहे. पाणिनीने हा शब्द 'नि' आणि 'इ' (जाणे) या धातूपासून साधलाय, अर्थ योग्य वाटेवरून न ढळणं. म्हणजे न्याय हे आधी चालणं, निकाल नंतर. 'इन्साफ'च्या मुळाशी मात्र अरबी 'निस्फ' आहे, म्हणजे अर्धा. लेकीला खमणपुरता तोच पटला!

मग तिला इथल्या स्वराज आश्रमात नेलं. १९२७ साली बारडोली तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला गेला. तेव्हा बारडोली मुंबई इलाख्यात होती, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. वल्लभभाईंच्या सांगण्यावरून शेतकऱ्यांनी सारा रोखला. गुरं गेली, जमिनी जप्त झाल्या, तरी माणसं हटली नाहीत. पण त्यांची मागणी सारा माफ करण्याची नव्हतीच. वाढ कशावरून काढली, ते तिऱ्हाइताकडून तपासून घ्या, एवढंच. नंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांनी चौकशी केली, तेव्हा खंडाचे आकडे नीट न पारखताच धरल्याचं निघालं. वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश! पाणिनीचा अर्थ इथे चपखल बसतो: सरकार आपल्याच रीतीवरून ढळलं होतं.

"मग सगळ्यांना न्याय मिळाला?" लेकीने विचारलं. इथे मी अडखळलो. याच शेतकऱ्यांच्या शेतात कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे हाळी होते. ज्यांच्या नावावर जमीनच नाही, त्यांना सारा कमी होऊन काय मिळणार?

परतताना रस्त्याकडेला ऊसतोडीच्या झोपड्या लागल्या. दरवर्षी हंगामात डांगातून, खानदेशातून मजूर येतात, मुकादमाकडून उचल घेऊन. हिशेब मुकादमाच्या वहीत. एक बाई मुलाला हाक मारत होती, तीही मराठीत. लेक दचकली, "बाबा, हे आपले लोक आहेत?"

मी अकरा वर्षं याच रस्त्याने ऑफिसला जातो. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांच्या यादीत ही वस्ती कधी आली नाही, आणि यादी करणाऱ्यांत मीही असतो. हंगाम संक्रांतीतही चालू असतो. तिळगूळ घेऊन जायचं लेकीने ठरवलंय. मला आधी ती उचलीची वही कशी चालते, ते विचारायचंय. येणार असाल तर कळवा.