बोट कुणासाठी थांबत नसते

आमच्या मराठवाड्यात प्रवासाला निघणे ही एकट्यादुकट्याची गोष्ट कधीच नव्हती. निघणाऱ्याच्या तळहातावर दही पडते, पाठोपाठ शेजारपाजारच्या सूचना येतात, आणि स्टँडवर जाणाऱ्यांपेक्षा पोचवणारेच जास्त असतात. गाडी हलली आणि कुणी पिशवी सावरत धावत आला, तर कंडक्टर तोंडाने चार शब्द सुनावतो, पण हाताने बेल मारतो. गाडी आपल्यासाठी घटकाभर थांबेल, या भरवशावर आपण आयुष्यभर प्रवास केला. विमानतळ आणि बंदर या दोन जागांना हा भरवसा ठाऊक नाही. हे मला साठी उलटल्यावर कळले.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही चौघे सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या बोटीच्या सहलीला गेलो. मी आणि पत्नी नांदेडचे. थोरले दादा आणि वहिनी लातूरचे. दादांनी चौऱ्याहत्तरी गाठलेली. सगळी हयात आडत दुकानात गेली. ज्या लातूरला २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाने पाण्यावर तरंगत सुट्टी घालवायची, याचे त्यांना मोठे हसू येई. बेत आखला होता त्यांच्या पुण्यातल्या मुलाने. बोट दुपारी सुटणार, म्हणून त्याने विमान त्याच दिवशी सकाळी पोचणारे घेतले होते. हॉटेलचे एका रात्रीचे पैसे वाचत होते.

तिथेच आमचा पहिला वाद झाला. नांदेड-लातूरच्या माणसाचा विमानप्रवास विमानतळावर सुरू होत नाही. त्याच्या आधी शेकडो किलोमीटरची वाट असते. मुंबई रेल्वेने सहाशेवर किलोमीटर. २०२५च्या ऑगस्टपासून नांदेडहून वंदे भारत धावू लागली, तरी दिवसाचा मोठा भाग गाडीतच जातो. आम्हांला हैदराबाद जवळचे. निजामाच्या काळापासूनची ती वाट. कचेरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळ्यासाठी आमचे वाडवडील तिकडेच जात. देगलूर, संगारेड्डीवरून गेले की बाह्यवळण रस्त्याने शहरात न शिरता थेट शमशाबादच्या विमानतळावर उतरता येते. रेल्वेने गेल्यास मात्र काचीगुडा किंवा सिकंदराबादहून पुन्हा सारे शहर ओलांडावे लागते. या वाटेवर एक टायर पंक्चर झाला, की पुण्यातल्या संगणकावर जुळवलेले वेळापत्रक कोलमडते.

मी पुतण्याला सांगितले, "बाबा, एक दिवस आधीचे तिकीट काढ. हॉटेलचे पैसे मी देतो." तो म्हणाला, "काका, उगाच घाबरायलास." पण त्याने तिकीट बदलले. आणि झाले असे, की आमचे विमान तब्बल सहा तास उशिरा सुटले. कारण शेवटपर्यंत नीट कळले नाही. बोट गाठण्यासाठी त्याच दिवशी उतरणारी दोन कुटुंबे शेजारच्या बाकांवर घड्याळाकडे बघत बसली असती, तर त्यांचे काय झाले असते, याचा विचार माझ्या मनातून गेला नाही. विमान चुकले तर दुसरे मिळते. बोटीचे तसे नाही. सुटण्याच्या तास-दीड तास आधीच तिची नोंदणी बंद होते, आणि मग ती गाठायची तर स्वतःच्या खर्चाने पुढच्या बंदरावर जायचे; तेही त्या देशाचे कागद हाती असतील तरच. आमचा वाढीव दिवस खर्चिक वाटत होता. त्या रात्री तो स्वस्त ठरला.

कागदांचेही असेच. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो. बोट फिरून पुन्हा सिंगापूरलाच येते, म्हणजे त्या देशात आपण दुसऱ्यांदा प्रवेश करतो; तेव्हा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे आधी पाहावे. शिवाय पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचे असते. सरकारी ठिकाणी ते फुकट भरता येते. पैसे मागणारी दुकाने वेगळी. त्या शहरात बोटींची स्थानकेही दोन आहेत, एक मरीना बे आणि दुसरे हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसते "बोट" म्हणून भागत नाही. तिकिटावरचे नाव दाखवावे.

आता शिदोरीची गोष्ट. वहिनींनी दिवाळीचे अनारसे डबाभर आणले होते. निघण्याच्या आदल्या रात्री पत्नीने नियम वाचून दाखवले आणि घरात शांतता पसरली. खसखस सिंगापूरमध्ये निषिद्ध आहे. अफूच्याच झाडाचे ते बी. आपल्या सणाचे पक्वान्न तिथल्या अधिकाऱ्याला अमली पदार्थांच्या कायद्यातले वाटू शकते! सुके खोबरेही काढावे लागले. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही. लोणचे हातातल्या पिशवीतून मोठ्या बॅगेत गेले. मोबाइलची पॉवर बँक उलट मोठ्या बॅगेतून हातात आली. आणि सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे दादांची चंची. चघळायच्या तंबाखूला तिथे बंदी. शमशाबादला उतरताना त्यांनी ती ड्रायव्हरच्या हाती दिली आणि म्हणाले, "नीट ठेव बरं का, मोजून ठेवलीय." अनारसे त्याच्याच घरी गेले.

तपासणीच्या रांगेत दादांचा चांदीचा करगोटा वाजला, वहिनींच्या पदराची पिन वाजली. मागे उभ्या असलेल्या तरुणांनी सुस्कारे सोडले. माझ्या मते विमानतळावर माणूस दमतो तो चालण्यापेक्षा या लाजेने. पट्टा काढा, चपला काढा, हात वर करा. ज्याच्यासमोर बाजारात लोक उठून उभे राहतात, त्याला तिथे कुणी ओळखत नसते. घरीच दहा मिनिटे बसून "असे असे विचारतील, हे हे काढावे लागेल" एवढे सांगितले असते, तर तो ओशाळेपणा टळला असता. मी सांगितले नव्हते. ती चूक माझी.

व्हीलचेअरचेही मी आधी सुचवले होते. तिकीट काढतानाच, निदान दोन दिवस आधी कळवले, की गरजूंना ती विमान कंपनी विनामूल्य देते. दादा भडकले. "मी काय लंगडा झालोय का रे? सोयाबीनची पोती उचललीत मी!" विषय तिथेच संपला.

बोटीवरचे चार दिवस छान गेले. त्यांचे वर्णन इथे करत नाही. आपले सगळे लक्ष जाण्याकडे असते, परतण्याची तयारी कुणी करत नाही, आणि घात तिथे होतो. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी त्या थेट धक्क्यावर मिळतात. आम्ही उत्साहाने सगळे भरून बाहेर ठेवले. सकाळी दादांनी नेमाप्रमाणे इन्सुलिन घेतले. तेवढ्यात आमच्या गटाची घोषणा झाली, म्हणून न्याहारी सोडून आम्ही रांगेत जाऊन उभे राहिलो. रांग हलेना. तासाभराने दादांच्या कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. साखर उतरली होती. वहिनींचे लाडू, गोळ्या, बिस्किटे, सगळे त्या मोठ्या बॅगेत. माझ्या खिशात पासपोर्ट, पैसे, कागद होते. साखरेचा एक खडा नव्हता.

तिथे काम करणाऱ्या एका तमिळ बाईंनी दुरून पाहिले. फळांचा रस आणला, खुर्ची आणली, चाकांची. दादा काही न बोलता बसले. पंधरा मिनिटांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. विमान संध्याकाळचे होते, म्हणून आम्हांला तिथे बसून राहता आले. सकाळचे असते तर मी त्यांना तसेच पुढे ओढले असते, हे मला आज कबूल केले पाहिजे.

सांगायचा मुद्दा असा. विमानतळातून सुरळीत पार पडणे ही हुशारीची गोष्ट नाही. ती सवडीची गोष्ट आहे. आणि सवड मोजायची ती घोळक्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पावलाने. मुलगा पुण्यात बसून सर्वांत स्वस्त तिकीट शोधतो, त्यात त्याचे प्रेमच असते. पण तिकिटाआधी त्याने वडिलांच्या गुडघ्यांची, गोळ्यांची आणि जेवणाच्या वेळेची चौकशी करावी. औषधे, चिठ्ठी आणि खायचे चार घास ज्याचे त्याच्या अंगावर असावेत. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत कधीच जाऊ नये. विमानाच्या पोटात ते गोठू शकते.

आणि सरकारलाही एक सांगणे आहे. लातूरला विमानतळ १९९१ सालचा आहे, पण नियमित विमानाची सवय लातूरकरांना कधी लागलीच नाही. नांदेडहून २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतून हैदराबादचे विमान सुरू झाले, तेव्हा आम्ही पेढे वाटले. पुढे ती कंपनीच बंद पडली. सेवा आज आहे, उद्या नाही, अशी असली की माणूस तिच्या भरवशावर बोटीचे तिकीट काढत नाही. आम्हांला आलिशान इमारती नकोत. वर्षभर टिकणारे वेळापत्रक हवे. ते नसल्याची किंमत मोजतात ती म्हातारी माणसे, रात्रभर जीपमध्ये पाय अवघडून.

शमशाबादला उतरलो तेव्हा दादा पुन्हा चाकांच्या खुर्चीवर होते. या वेळी ती त्यांनी स्वतः मागितली होती. बाहेर ड्रायव्हरने चंची पुढे केली. ती कमरेला खोचत दादा मला म्हणाले, "पुढच्या वेळी खुर्चीचं आधीच सांगून ठेव. आणि लाडवाचा डबा माझ्याजवळ दे."