'सब्जेक्ट'चा प्रतिशब्द : एक फसवी सोय

संरचनावादोत्तर विचार मराठीत मांडू पाहणाऱ्यांना 'सब्जेक्ट' हा रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द वारंवार अडवतो. शाळेतले गणित 'सब्जेक्ट', चित्रकारासमोर बसलेली व्यक्ती 'सब्जेक्ट', वाक्यातील उद्देश्य 'सब्जेक्ट', राजाची प्रजा 'सब्जेक्ट' आणि देकार्तनंतरच्या तत्त्वज्ञानातील जाणणारा 'मी' हाही 'सब्जेक्ट'च. मराठी समीक्षेने यावर काढलेला तोडगा कोशकाराचा आहे : एका शब्दासमोर एक शब्द ठेवायचा. कोणी 'कर्ता' म्हणतो, कोणी 'व्यक्ती', कोणी 'आत्म'. आणि वाद रंगतो तो यांपैकी योग्य कोणता यावर. मुळात हा प्रश्नच गैरलागू आहे.

लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ 'खाली टाकलेले' असा आहे. मध्ययुगीन तत्त्वचर्चेत 'सब्जेक्टिव्ह' म्हणजे वस्तूच्या ठायी असणारे आणि 'ऑब्जेक्टिव्ह' म्हणजे मनासमोर आलेले. कांटनंतर ही जोडी जवळजवळ उलटी झाली. 'खाली असण्या'चा राजकीय अर्थ मात्र टिकून राहिला. अल्थ्यूसर यांचा विचारप्रणालीविषयीचा निबंध (१९७०) या दुहेरीपणावरच उभा आहे. विचारप्रणाली हाक मारते आणि तिला ओ देणारा स्वतःला कर्ता समजत असतानाच अंकित होतो. फुको यांनीही १९८२ मध्ये हे दोन्ही अर्थ जोडीने मांडले. येथे 'कर्ता' म्हटले की अंकितपण गळते, 'प्रजा' म्हटले की कर्तेपण. युक्तिवादाचा निम्मा भाग अनुवादातच नाहीसा होतो.

'विषय' हा शब्द तर अर्थ पालटूनच टाकतो. शांकरभाष्याच्या परंपरेत विषय म्हणजे जे जाणले जाते ते. जाणणारा तो विषयी. मग 'विषयी' का नको? कारण तो विषयी शुद्ध चैतन्य आहे; कोणत्याही सत्तेने तो घडवलेला नाही. अल्थ्यूसर ज्याला नाकारतात तो स्वयंपूर्ण 'मी' या शब्दाबरोबर मागच्या दाराने परत येतो.

परिभाषा स्थिर नसेल तर शास्त्र कसे उभे राहणार, असा आक्षेप येईल. स्थैर्य हवे ते एका युक्तिवादाच्या अंतर्गत. मूळ भाषेतच अनेकार्थी असलेल्या शब्दावर ते बाहेरून लादता येत नाही. मात्र 'सब्जेक्ट' देवनागरीत लिहून मोकळे होणारेही याच दोषाचे धनी आहेत. अर्थाची जबाबदारी टाळण्याचा तो प्रतिष्ठित मार्ग आहे.

हा केवळ अनुवादकांचा प्रश्न नाही. 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सांगणारा आणि ऐकणारा एकच, तरीही दुभंगलेला : एकाला जातिव्यवस्थेने घडवले आहे, दुसरा त्या घडण्याचा साक्षी आहे. समीक्षेने येथे 'आत्म' म्हटले की ही फट बुजते. 'विषय' म्हटले की दलित जीवन पुन्हा इतरांच्या अभ्यासाची वस्तू होते. दोन्ही वाचनांत या लेखनाचा मुख्य प्रश्न सुटून जातो : बोलणारा ज्या भाषेत बोलतो, तिनेच त्याला खाली ठेवले असेल, तर त्याचे बोलणे कोणत्या अर्थाने त्याचे?

म्हणून प्रतिशब्दाचा हट्ट सोडून प्रत्येक वापर वेगळा वाचावा लागेल. एका ठिकाणी उद्देश्य, दुसऱ्या ठिकाणी प्रजा, तिसऱ्या ठिकाणी ज्ञाता; आणि जेथे दुहेरीपणा हाच युक्तिवाद असेल तेथे दोन शब्द आणि त्यांतील ताण उलगडणारे एक वाक्य. पारिभाषिक सूचीची सोय त्याने बिघडेल. समीक्षेची बिघडणार नाही.