परसबागेची काळी माती आणि वाळूचा मोह

काळ्या भारी जमिनीत परसबाग करणारे पुष्कळ शेतकरी बंधू माती हलकी व्हावी म्हणून तीत चार-दोन घमेली वाळू मिसळतात. हा खर्च व्यर्थ होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेथील अर्धा फूट जाडीचा थर म्हणजे सुमारे साडेपाच ब्रास माती. तिचा गुण पालटावयाचा तर जवळजवळ तितकीच वाळू लागेल. आणि नदीचे पात्र उपसल्यास काठच्या विहिरींचे पाणी खालावते. थोड्या वाळूने चिकणमाती चिकणच राहते.

खरा उपाय दारातच आहे. चांगले कुजलेले शेणखत व पालापाचोळा दरवर्षी मातीत मिसळावा. त्याने माती रवाळ होते व पाणी मुरते. वाफसा येण्यापूर्वी कुदळ लावू नये. ओली तुडविलेली माती वाळून दगडासारखी ढेकळे बनतात. पावसाळ्यात गादीवाफे करून भोवती चर काढावेत.

पाचोळा जाळून वाळू विकत घेणे हा उलटा व्यवहार होय. शेताला जाणाऱ्या खतातील चार पाट्या घरच्या भाजीसही मिळाव्यात, एवढेच आमचे सांगणे आहे.