बारावीनंतरची शिकवणी

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि जूनच्या पहिल्या पावसाबरोबर कामोठ्यातील इमारतींच्या फाटकांवर, किराणा दुकानांच्या काचांवर आणि विजेच्या खांबांवर हाताने लिहिलेली पत्रके दिसू लागतात : पहिली ते पाचवी, सर्व विषय, मराठी व सेमी-इंग्रजी, घरगुती शिकवणी. खाली एक दूरध्वनी क्रमांक. पत्रक लावणारी मुलगी किंवा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असतो. पुढल्या शिक्षणाचा खर्च घरावर पडू नये, निदान रेल्वेचा पास आणि पुस्तके आपल्या कमाईतून यावीत, एवढाच त्यामागचा हिशेब. शिक्षणाच्या बाजारीकरणावर आम्ही या पानावर पुष्कळदा लिहितो. पण त्या बाजाराच्या अगदी तळच्या पायरीवर उभ्या असलेल्या या अल्पवयीन शिक्षकाकडे लक्ष द्यायला कोणी तयार नसते. सरकारच्या लेखी तो बेकार नाही, कामगार नाही आणि शिक्षक तर नाहीच नाही.

हा प्रश्न कामोठ्यात इतका ठळक का, हे समजण्यासाठी गावाचा इतिहास थोडा आठवावा लागतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नव्या मुंबईची आखणी झाली. कामोठे त्यांपैकी एक. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जो लढा झाला, त्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे प्राण घेतले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला पुढे मान्य करावे लागले ते त्या बलिदानानंतर. आज कामोठ्यातील बऱ्याच इमारती या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवरच उभ्या आहेत. २०१६ साली हे सारे पनवेल महानगरपालिकेत आले. भातशेतीच्या जागी सेक्टर आले, सेक्टरांत सातारा-सांगलीपासून कोकणापर्यंतची नोकरदार कुटुंबे आली. या कुटुंबांतील आई-वडील दोघेही पहाटे मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकाची वाट धरतात, मुंबईला पोहोचायला तासाहून अधिक वेळ घालवतात आणि दिवेलागणीनंतर परततात. शाळा दुपारी सुटते. मधल्या चार-पाच तासांत मुलाने कोठे बसावे, याचे उत्तर नगररचनेच्या कोणत्याही नकाशात नव्हते. ते उत्तर शेजारच्या इमारतीतल्या बारावी झालेल्या ताईने दिले.

म्हणजे या शिकवणीत शिकवण्याचा भाग जितका, तितकाच सांभाळण्याचा. पाळणाघराला ठेवायचे तर मूल मोठे आणि एकटे ठेवायचे तर लहान, अशा वयाची ही मुले. पालक फी देतात ती गणितासाठी, असे वरकरणी दिसते. प्रत्यक्षात ते मनःशांतीची किंमत मोजत असतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारच्या २०२५ सालच्या शिक्षणविषयक नमुना पाहणीत देशातील २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे आढळले. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के, तर खेड्यांत २५.५ टक्के. शहर आणि खेडे यांतले अंतर इतके थोडे असावे, हीच त्यातली लक्षणीय गोष्ट. शिकवणी ही आता श्रीमंताच्या मुलाची चैन राहिलेली नाही. ती सामान्य घराच्या मासिक खर्चात किराणा आणि भाडे यांच्या पंक्तीला जाऊन बसली आहे.

बारावी झालेल्या पोराने शिकवावे तरी काय, असे नाक मुरडणारे सद्गृहस्थ पुष्कळ भेटतात. त्यांना महाराष्ट्राचा इतिहास ठाऊक नसावा. मॅट्रिकची पायरी न ओलांडताच साताऱ्यात शिकवण्या करून संसाराला हातभार लावणाऱ्या तरुणाला लोक ‘पाटील मास्तर’ म्हणत. त्याच भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचे बीज रोवले, आणि त्याच संस्थेच्या पनवेल येथील महात्मा फुले महाविद्यालयात आज या परिसरातील मुले शिकतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतले, तेव्हा परदेशी विद्यापीठांत शिकून आलेल्या त्या विद्वानालाही काही काळ खासगी शिकवण्यांवर गुजराण करावी लागली. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. ज्याच्यापाशी जमीन नाही, भांडवल नाही आणि शिफारसही नाही, त्याच्या हाती विकण्यासारखी पहिली वस्तू म्हणजे स्वतः शिकलेली अक्षरे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

मात्र या थोरांची उदाहरणे देऊन आजच्या वास्तवावर पांघरूण घालणेही अप्रामाणिकपणाचे होईल. शिक्षक व्हावे असे वाटणाऱ्या मुलीपुढे आज रस्ता कसा आहे पाहा. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका, मग पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग ‘पवित्र’ नावाच्या संगणकीय प्रणालीवर नाव नोंदवून प्रतीक्षा. २०१२ साली राज्य सरकारने शिक्षकभरतीच थांबवली आणि गल्लोगल्ली निघालेली अध्यापक विद्यालये पाहता पाहता ओस पडली. भरतीत निवड झालीच, तर आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राबायचे. हे मानधन प्राथमिक शाळेत २०२२ च्या अखेरपर्यंत महिना ६,००० रुपये होते; २०२३ च्या जानेवारीपासून ते १६,००० झाले. अधिकृत शिक्षकाची ही किंमत सरकारच ठरवत असेल, तर घरगुती शिकवणी करणाऱ्याला बाजार काय देणार?

कायदा या प्रश्नाकडे कसा पाहतो, तेही मासलेवाईक आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास बंदी केली. बंदी योग्यच होती. परंतु तिने गरज मिटली नाही. शिकवणीची जागा प्रशिक्षित शिक्षकाकडून अप्रशिक्षित तरुणाकडे गेली, एवढेच. पुढे २०२४ च्या जानेवारीत केंद्राने शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : शिकवणारा किमान पदवीधर असावा, सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, मधेच केंद्र सोडणाऱ्याला उरलेली फी परत करावी. या सूचना पन्नासांहून अधिक विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्यांपुरत्या आहेत. तेव्हा दिवाणखान्यात सहा मुले घेऊन बसणाऱ्या ताईला त्या लागू नाहीत. तिला कोणी अडवत नाही. तसे तिला संरक्षणही कोणी देत नाही.

आता पैशाचा हिशेब. समजा सहा मुले आहेत आणि प्रत्येकाची मासिक फी सातशे रुपये. महिन्याला ४,२०० रुपये झाले. मे महिना कोरडा, दिवाळीची सुटी, परीक्षेनंतरचे रिकामे दिवस हे सारे वजा जाता वर्षात दहा महिने धरावेत, ४२,००० रुपये. रोज दोन तास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे पन्नास तास. तासाला ८४ रुपये पडले. त्यात रोजची अर्ध्या तासाची तयारी मिळवली की हा आकडा सत्तरच्या खाली येतो. एखादा पालक दोन महिन्यांची फी थकवून मुलाला दुसरीकडे घालतो, तेव्हा तोही उरत नाही. हिशेब मांडायचा तो निराश होण्यासाठी नव्हे. आपल्या श्रमाची किंमत आपणच मोजली नाही तर ती दुसरा मोजतो, आणि तो नेहमी कमीच मोजतो.

म्हणून हे काम हाती घेणाऱ्या तरुणांना काही गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की इयत्ता बेताने निवडावी. दहावीच्या मुलाला शिकवण्याचा मोह होतो, कारण फी अधिक मिळते. पण बोर्डाच्या परीक्षेचे ओझे अठराव्या वर्षी दुसऱ्याच्या मुलासाठी उचलू नये. पुस्तक मिटून जे समजावून सांगता येते, तेवढेच आपले. पाचवीपर्यंतची मुले घ्यावीत, आणि सुरुवात चार-पाच मुलांनी करावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पहिल्या आठवड्यात काहीही शिकवू नये, केवळ पाहावे. मुलाच्या इयत्तेपेक्षा दोन इयत्ता खालचे बालभारतीचे पुस्तक त्याच्या हाती द्यावे आणि मोठ्याने वाचायला सांगावे. हातच्याची वजाबाकी आणि साधा भागाकार पाटीवर घालावा. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले ४२.८ टक्के निघाली. २०२४ साली हे प्रमाण ४८.८ टक्क्यांवर आले. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले तेथेच अडखळतात. कामोठे खेडे नाही, पण खेड्यातून परवा आलेली पुष्कळ कुटुंबे येथे राहतात, आणि वर्गातल्या साठांच्या गर्दीत अडखळणारे मूल शहरातही दिसत नाही. ते सहांच्या घोळक्यात दिसते. या मुलाचा शाळेचा गृहपाठ पुरा करून देणे, म्हणजे त्याचे अडखळणे वहीच्या चांगल्या अक्षराखाली लपवणे होय. पालकांना मात्र तेच हवे असते : वही पूर्ण, शेरा चांगला. येथे नवख्या शिक्षकाची खरी कसोटी लागते. ‘तुमच्या मुलाला अजून वाचता येत नाही, तीन महिने मी त्याच्याकडून फक्त वाचन करून घेईन,’ असे त्याच्या आईला तोंडावर सांगण्याचे धैर्य दाखवावे लागते, आणि त्यापायी एखादी फी गमवावीही लागते. काही आया रागावतात. काही मात्र सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण हे त्यांना ठाऊक असते आणि शाळेने कधी सांगितलेले नसते.

घरी आगरी बोलणाऱ्या किंवा माणदेशी वळणाने बोलणाऱ्या मुलाला ‘अशुद्ध’ म्हणून हसू नये, हे वेगळे सांगायला नको होते. पण सांगावे लागते, कारण शाळेत तेच घडते. मार तर कधीच नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, मग घरगुती शिकवणीत ती कशी चालेल? शिकवताना दार उघडे असावे आणि घरात एखादे मोठे माणूस असावे. हे मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे तसेच शिकवणाऱ्या मुलीच्याही. फी महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आगाऊ, सुट्ट्यांचे पैसे कापायचे की नाही, मूल आजारी पडले तर काय, हे सारे एका कागदावर लिहून पालकांना पहिल्याच दिवशी द्यावे. फी मिळाल्याची पावती द्यावी, हजेरीची वही ठेवावी. ओळखीत कागद कशाला, असे म्हणणारेच पुढे फी थकवतात.

याहून कठीण परिस्थिती आहे ती घरी जागा नसलेल्यांची. एका खोलीत पाच माणसे राहतात, तेथे शिकवणी कोठे भरणार? ही मुले मग एखाद्या क्लासच्या मालकाकडे तासावर शिकवायला जातात. समजा वीस मुलांकडून मालक चौदा हजार गोळा करतो आणि शिकवणाऱ्याच्या हातावर चार हजार ठेवतो. जागेचे भाडे, वीज, जाहिरात हे खर्च खरे आहेत. पण नेमणुकीचा कागद नाही, मे महिन्याचे पैसे नाहीत आणि ‘अनुभव मिळतो आहे ना’ हे बोल मात्र दरमहा. तक्रार कोठे करावी? गोव्यातील एका शाळेतून काढून टाकलेल्या शिक्षिकेच्या, ए. सुंदरांबाळ यांच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक हा कामगार नव्हे. शिकवणे हे पवित्र कार्य असल्याने त्याची गणना कारकुनी वा अंगमेहनतीच्या कामात होत नाही, असा त्याचा मथितार्थ. गौरव मिळाला आणि दाद मागण्याचा दरवाजा मिटला. २०२५ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. कामगाराच्या व्याख्येची चौकट मात्र जवळपास जुनीच राहिली आहे. पदवीधर शिक्षिकेची ही गत, तर बारावी झालेल्या तासिका-शिक्षकाला कोण विचारतो? एका परिसरातल्या अशा तरुणांनी एकत्र बसून निदान तासाचा किमान दर ठरवावा आणि त्याखाली कोणी जाऊ नये, एवढी संघटना तरी आजच्या आज शक्य आहे. कामोठ्याच्या मातीला संघटना नवी नाही.

महापालिकेकडे मागायचे ते याहून साधे आहे. सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या शाळांच्या खोल्या आणि समाजमंदिरे संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्यांतील काही खोल्या रोज पाच ते आठ या वेळात अभ्यासिका म्हणून उघडाव्यात. तेथे बारावी झालेल्या, पुढे शिकत असलेल्या तरुणांना प्रभागवार निवडून मानधनावर नेमावे. एखाद्या निवृत्त शिक्षकाने आठवड्यातून दोनदा येऊन त्यांना शिकवण्याची रीत दाखवावी. मूल फीविना शिकेल आणि त्याचे आई-वडील गाडीत उभे असताना निश्चिंत राहतील. शिकवणाऱ्या मुलीला महिन्याच्या ठरल्या तारखेला ठरलेली रक्कम मिळेल, शिवाय पुढे अध्यापक विद्यालयात जायचे की नाही हे तिला अनुभवाने कळेल. पैसा नाही, असे उत्तर महापालिका देईल. चौकांच्या सुशोभीकरणाला तो असतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्याआधी होणाऱ्या सर्वसाधारण सभेत हा विषय कामपत्रिकेवर यावा, यासाठी कामोठ्याच्या नागरिकांनी आपल्या नगरसेवकांना आत्ताच लेखी निवेदन द्यावे, आणि त्यावर पालकांच्या बरोबरीने या तरुण शिक्षकांच्याही सह्या असाव्यात.