'सर्व्हायकल' : मानेचे की पिशवीच्या तोंडाचे?

काही इंग्रजी शब्द दवाखान्यातून घरात येतात आणि घरचेच होऊन बसतात. बीपी, शुगर, ॲसिडिटी यांच्या पंक्तीला आता 'सर्व्हायकल' हा शब्दही आला आहे. "डॉक्टर, मला सर्व्हायकल आहे," असे सांगणारा माणूस मानेवर हात ठेवून बोलतो. त्याला मणक्याची झीज आणि गळ्याला बांधायचा पट्टा एवढेच अभिप्रेत असते. पण हाच शब्द एखाद्या बाईच्या तपासणीच्या कागदावर आला की घोटाळा होतो. घरातला शिकलेला मुलगा 'सर्व्हायकल कॅन्सर' असे कुठेतरी वाचून आलेला असतो. मग मान दुखणारी बाई कर्करोगाच्या भीतीने अन्न टाकते. उलट, जिला खरोखर अंगावरून जाण्याचा त्रास आहे ती मानेचेच काहीतरी असेल म्हणून शेक घेत बसते.

मूळ शब्द लॅटिन भाषेतला. 'सर्व्हिक्स' म्हणजे मान. मानेचे मणके सात, त्यांना सर्व्हायकल मणके म्हणतात. जिराफाची मान एवढी लांब, पण तिच्यातही मणके सातच! मानेत ज्या गाठी येतात, त्याही सर्व्हायकल गाठी. आपल्याकडे त्या अनेकदा क्षयाच्या निघतात, म्हणून त्यांची तपासणी टाळू नये.

मग गर्भाशयाचा मानेशी संबंध काय? घागर उलटी धरून पाहा. पोट वर, निमुळता गळा खाली. गर्भाशयाचा आकार साधारण तसाच असतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्या निमुळत्या भागाला 'गर्भाशयाची मान' म्हटले आणि तेच नाव टिकले. संस्कृतातही मानेला ग्रीवा म्हणतात आणि 'गर्भाशय ग्रीवा' हा शब्द त्यावरूनच केलेला आहे. मराठीत मात्र 'गर्भाशयमुख' हा शब्द रुळला. बाळंतपणाच्या वेळी आपल्या सुईणी आणि सिस्टर "पिशवीचे तोंड उघडले" असेच म्हणतात. लॅटिनने गळा पाहिला, मराठीने तोंड पाहिले, अवयव एकच. माझ्या मते आपला शब्द जास्त कामाचा आहे. तो ऐकताच निरक्षर बाईलाही जागा समजते.

हा नुसता भाषेचा खेळ नाही. शब्द न समजल्याची किंमत मराठवाड्यातल्या बायकांनी मोजली आहे. त्याच कागदावर पुष्कळदा दुसरा एक लॅटिन कुळातला शब्द असतो : 'इरोजन'. त्याचा मूळ अर्थ कुरतडले जाणे. म्हणून बाईला सांगितले जाते, "पिशवीच्या तोंडाला जखम आहे." वस्तुतः बहुतेक वेळा ती जखम नसतेच. गर्भाशयमुखाच्या आतले मऊ, लालसर अस्तर थोडे बाहेरच्या बाजूस आलेले असते, म्हणून ती जागा लाल दिसते. तरुण वयात, गरोदरपणात किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्या चालू असताना हे सर्रास आढळते. त्रास नसेल तर त्याला औषधही लागत नाही. नाव चुकीचे पडले आणि भीती खरी झाली! त्या भीतीला "पुढे कॅन्सर होईल" हे वाक्य जोडले की तिशीतली बाई पिशवी काढायला तयार होते.

गोदावरीचा पूल ओलांडला की आपल्या शहागडहून बीड जिल्हा लागतो. तिथल्या ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे प्रकरण २०१९ साली राज्यभर गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यामागे गरिबी, पाळीच्या दिवसांत मजुरी बुडण्याची धास्ती, फडावर पाण्याची व आडोशाची सोय नसणे अशी अनेक कारणे होती. पण कर्करोगाची दाखवलेली भीती हेही एक मोठे कारण होते. कमी वयात पिशवी काढली, त्यातही बीजकोश काढले गेले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात, अंगात वाफा येतात, कंबर धरते. जिला कोयता चालवून पोट भरायचे आहे, तिला हे कसे परवडावे?

याचा अर्थ गर्भाशयमुखाचा कर्करोग खोटा आहे असा नव्हे. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना तो होतो आणि सुमारे ८० हजार जणी दगावतात. पण हा रोग एका रात्रीत येत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून शिरतो. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींमध्ये ठाण मांडतो आणि कर्करोग व्हायला पुढे दहा-पंधरा वर्षे जातात. विषाणू सापडला म्हणून कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याचे कारण नाही. तो अतिशय सामान्य आहे. दहा-पंधरा वर्षांची ही मुदत म्हणजेच आपली संधी.

या संधीचे मोल साऱ्या जगाला दाखवून दिले ते आपल्याच शेजाऱ्यांनी. बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे तिथल्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदा एचपीव्हीची तपासणी केलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आले. खेड्यातल्या, कष्टकरी बायकांनी जगाला दिलेला हा धडा आहे. तो मराठवाड्यातल्याच घराघरांत पोचू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

तेव्हा भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा. वयाची तिशी ओलांडली की त्रास नसला तरी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ३० ते ६५ वयासाठी ती दर पाच वर्षांनी करावी असे धोरण आहे. पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखा द्राव, लावून डाग पांढरा होतो का ते पाहतात. काही मिनिटांचे काम, ना चिरफाड ना भूल. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसणे, घाण वासाचे पाणी जाणे, यांपैकी काही असेल तर तारीख न बघता डॉक्टरांकडे जा. मुलींसाठी ९ ते १४ हे लस देण्याचे उत्तम वय. पुण्यात तयार झालेली लस २०२३ पासून मिळू लागली आहे. आणि कोणी "पिशवी काढा" म्हटले तर घाईने सही करू नका. तपासणीचा कागद मागा, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. नुसते पांढरे जाणे किंवा 'इरोजन' एवढ्यावरून पिशवी काढायची नसते.

माझ्या डॉक्टर बंधू-भगिनींना एकच विनंती. कागदावर 'सर्व्हायकल' लिहा, पण त्याच्या शेजारी मराठीत 'मानेचे मणके' किंवा 'पिशवीचे तोंड' एवढे दोन शब्द जरूर लिहा. त्याला शाई फारशी लागत नाही. रोग्याला आपल्या शरीराचा अवयव आपल्या भाषेत कळला, तर तो प्रश्न विचारतो. आणि ज्या घरात प्रश्न विचारले जातात, त्या घरातली बाई विनाकारण ऑपरेशनच्या टेबलावर जात नाही.