स्वस्तातले ऑईल ट्रॅक्टरला चालेल का?



ऊस विकास खात्याच्या माणसाने बेणे, खत, पाणी सोडून ट्रॅक्टरच्या ऑईलवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण ऐन हंगामात ट्रॅक्टर बसला की तोडलेला ऊस फडातच वाळतो, वजन घटते, उताराही घसरतो. तेव्हा विषय आमच्याच खात्याचा झाला. गटात फिरताना हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, दुकानदारानं स्वतःच्या नावाचं स्वस्त ऑईल आणलंय, टाकू का नको?"

माझे मत सरळ आहे. स्वस्त म्हणून ऑईल वाईट नसते. ट्रॅक्टर कंपनीच्या नावाचा डबासुद्धा बहुधा एखादी तेल कंपनीच भरून देते. मग दुकानाच्या नावाला नाक मुरडायचे कारण नाही. आधी ट्रॅक्टरबरोबर मिळालेले पुस्तक काढा. (बहुतेकांचे ते माळ्यावर असते!) त्यात १५डब्ल्यू-४० असा काहीसा आकडा असतो. पहिला भाग थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहते ते. शेजारी एपीआय सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ अशी प्रत दिलेली असते. 'सी' म्हणजे डिझेलचे. पुढचे अक्षर जितके पुढचे, तितकी प्रत नवी. पुस्तकात सीआय-४ आणि डब्यावर सीएफ-४ असेल तर ते घेऊ नका, मग कितीही स्वस्त असो. दोन्ही जुळत असेल, डबा सीलबंद असेल, त्यावर बनवणाऱ्याचा पत्ता व बॅच नंबर असेल आणि दुकानदार पक्की पावती देत असेल, तर खुशाल घ्या. वॉरंटी चालू असेल तर ती पावती जपून ठेवा.

नव्या मोठ्या ट्रॅक्टरवाल्यांनी मात्र जरा थांबावे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागले. त्यांपैकी ज्यांच्या धुराच्या मार्गात काजळी धरणारी गाळणी आहे, त्यांना कमी राखेचे ऑईल लागते. जुन्या प्रतीच्या ऑईलने ती चोंदते.

सुट्या ऑईलला माझा साफ विरोध आहे. जळके तेल नुसते गाळून विकले तरी दिसायला चकचकीत दिसते. बोटांत चोळून दाटपणा बघण्याने काही कळत नाही, कारण खरी परीक्षा तापलेल्या इंजिनात होते. रिकामा डबा भंगारात देतानाही भोक पाडून द्या, नाहीतर तोच डबा भरून परत येईल.

"दोन दिवसांत काळं पडलं, म्हणजे ऑईल भेसळीचं," असेही ऐकतो. हे बरोबर नाही. डिझेल इंजिनात काजळी होतेच, आणि ती अंगावर धरून ठेवणे हे ऑईलचे कामच आहे. काळे पडले म्हणजे ते काम करते आहे.

मागच्या हौदातल्या, म्हणजे गिअर-हायड्रॉलिकच्या ऑईलचे शास्त्र वेगळे. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यात इंजिनचे उरलेले ऑईल ढकलू नका. ब्रेक करकरतात, घसरतात, आणि मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या असतात. इथे चार पैसे वाचवणे जिवाशी येईल.

उलट काहीजण सर्वांत महागडे ऑईल भरतात आणि बदली मात्र पुढचा हप्ता येईपर्यंत लांबवतात. त्यापेक्षा योग्य प्रतीचे साधे ऑईल वेळेवर बदललेले केव्हाही बरे. हंगामात ट्रॅक्टर रात्रंदिवस पळतो, तेव्हा महिने न मोजता तास मोजा. यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवले, तर मीटर सावकाश सरकतो, पण ऑईल काजळतच असते. ऑईलबरोबर फिल्टरही बदला. आणि एअर क्लीनरच्या वाटीतला चिखल काढा हो! फडातली धूळ इंजिनात गेली तर भारीतले ऑईलही लायनर-पिस्टन वाचवू शकणार नाही.

माझी एक सूचना आहे. गावोगावच्या ट्रॅक्टर मालकांनी पुस्तके घेऊन गट ऑफिसला यावे. कोणत्या प्रतीचे किती ऑईल लागते याची यादी करू आणि संघाने सीलबंद डबे एकत्र खरेदी करावेत, असा अर्ज गळीत सुरू होण्याआधी देऊ.